बन्सीचा रवा आणि आज्जीचा अंगठा

आमच्या घरात अंडं येत नाही. त्यामुळे ताजा पास्ता हातानं करायचं मनात आलं तेव्हा उत्तर इटलीतल्या बोलोन्याकडची पद्धत, म्हणजे १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, तिथंच बाद झाली. पण इटलीच्या दक्षिणेला, पुल्या भागात, अंडं लागतच नाही. डुरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, बास. बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात टेबल टाकून बसतात आणि त्याच कणकेचे ओरेक्किएत्ते करतात. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. मला तेच करायचे होते.

डुरम म्हणजे आपला बन्सी. हे कळायला मला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी मी घरातली पोळीची कणीक घेतली. तुकडे लालसर झाले आणि उकळत्या पाण्यात त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या वेळी बन्सी गहू आणून गल्लीतल्या गिरणीत दळायला दिला. दळून आणलेलं पीठ मळलं तर ते सारखं तुटायचं. पीठ चिमटीत घेऊन पाहिल्यावर कारण सापडलं: माझ्या आधी त्याच जात्यावर ज्वारी दळलेली होती. आमच्या सोलापुरात ज्वारीचंच दळण जास्त, आणि ज्वारीला चीक (ग्लूटेन) नसतो. पाव किलो गव्हात मूठभर ज्वारी गेली तरी कणीक धरत नाही. तेव्हापासून मी "गव्हावरच गहू घाला काका" असं सांगून मगच डबा देतो. आई हे आयुष्यभर सांगत आली आहे, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी सरळ मंगळवार पेठेतून बन्सी रवा आणला. मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवला आणि मैद्याच्या चाळणीनं चाळला. थोडा थोडा अशासाठी की एकदम घातला तर तो तापतो. पिठी पिवळसर, बोटांना किंचित खरखरीत लागली पाहिजे. ४०० ग्रॅम पिठीला २०० मिली कोमट पाणी घेतलं. मळायला घेतलं आणि पाच मिनिटांत वाटलं की हेही गेलं. भुगा, नुसता भुगा. मी आणखी पाणी घालायला तांब्या उचलला.

"काय करायलास रे?" आज्जी सोप्यातनं आत आली होती.

सांगितलं. तिनं परातीत हात घातला, मूठ दाबली, सोडली. "पाणी पुरेसं आहे की. रवा आहे हा, कणीक नव्हे. झाकून ठेव, मुरू दे, मग तिंब."

या एका वाक्यानं माझा पास्ता झाला. रव्याचा कण जाड, पाणी आत शिरायला त्याला वेळ लागतो. घाईनं पाणी वाढवलं की वरून चिकट आणि आतून कोरा असा गोळा होतो, आणि मग सुरीखाली चिरतो. ओला पंचा पिळून परातीवर टाकला आणि वीस मिनिटं थांबलो. मे महिना, बाहेर ४२ अंश, हवा कोरडी ठणठणीत. पंचा नसता तर गोळ्याला वरून पापडी धरली असती. परत हात लावला तेव्हा भुग्याचा गोळा झाला होता. मग दहा मिनिटं तळहाताच्या टाचेनं तिंबला, परत अर्धा तास झाकला. कानाच्या पाळीला हात लावून बघा, तितका मऊ झाला की समजायचं.

पोळीची कणीक ओढली की परत आखडते. बन्सीची तशी आखडत नाही, जिथं दाबाल तिथं राहते. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, बन्सीत २८. चिकाला लवचिकपणा देणारी काही महत्त्वाची प्रथिनं ज्या १४ गुणसूत्रांच्या गटातून येतात, तो गट बन्सीत नाही. म्हणून तर कानाचा खळगा शिजेपर्यंत टिकतो.

बोटाएवढी जाड वळी करायची, सेंटीमीटरभर तुकडे पाडायचे, बोथट सुरीनं दाबून आपल्याकडे ओढायचं आणि सुरीला चिकटलेली पारी अंगठ्यावर उलटी करायची. ओट्यावर करून पाहिलं तर तुकडा नुसता घसरत होता. ग्रॅनाइट फार गुळगुळीत. लाकडी पाट घेतला, तेव्हा तुकड्याला पकड मिळाली आणि कानाची पाठ खरखरीत झाली. त्या खरखरीत पाठीलाच पुढं तेल-मसाला धरतो.

माझे पहिले वीस-पंचवीस कान जाड-पातळ झाले. आज्जी पाटासमोर मांडी घालून बसली, सुरी बाजूला सारली आणि नुसत्या अंगठ्यानं तुकडा दाबून पुढं ढकलला. आत खळगा, कडा वळलेल्या. दक्षिण इटलीत याच आकाराला कावातेल्ली म्हणतात. आज्जी म्हणाली, "हे नखुलेच की. तुझ्या आत्याच्या लग्नाला रुखवतात पाच तऱ्हा मांडल्या होत्या आम्ही." नखुले, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेले कणकेचे तुकडे, त्याहून बारीक असतात, पण हाताची चाल तीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो अंगठा एकदाही अडखळला नाही. मी सुरी ठेवून दिली आणि तिच्याकडं बघून करू लागलो. तासाभरात पाट भरला.

शिजवायला मोठं पातेलं, लिटरला दहा ग्रॅम मीठ, पाणी खळखळल्यावरच सोडायचे. वर तरंगले म्हणजे झाले असं समजू नका. आमचे पाच मिनिटांनी झाले, एक चावून बघितला. पुल्यात हे कान किंचित कडू पालेभाजीबरोबर खातात. मी मेथी घेतली. तेलात लसूण आणि लाल मिरची, त्यात मेथी, वर वाटीभर पास्त्याचं पाणी. तिकडं गरिबाघरी चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तळून भुरभुरवायची रीत आहे. आमच्याकडं कडक भाकरी होती. ती हातानं चुरून तेलात खमंग परतली आणि वर घातली. हा बदल मी आता कधीच सोडणार नाही, पावापेक्षा कडक भाकरीच चांगली लागते.

निम्मे कान उरले होते. आईनं ते जुन्या लुगड्यावर गच्चीत पसरले, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळले. दुसऱ्या दिवशी आज्जीनं त्यांची खीर केली. आधी पाण्यात पंधरा मिनिटं शिजवले, मग दुधात उकळले, आणि पातेलं खाली उतरवून जरा निवल्यावर गूळ घातला, नाहीतर दूध फाटतं. वेलदोड्याची पूड घालून तिनं पहिली वाटी माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "तुझ्या इटलीत करतात का अशी?"