पिकअप घ्यायचीय: सीएनजी की डिझेल?

आज दिवसभर वाशी मार्केटच्या गेटवर भाजीच्या गाड्या पाहताना पुन्हा हाच विषय निघाला. नुसता इंधनाचा दर बघून गाडी ठरवू नका, आधी रूट बघा.

कल्याणहून माल माळशेज घाट चढून जुन्नर-ओतूरला न्यायचा असेल, तर माझं मत डिझेलच. भरलेली गाडी चढाला लागली की कमी आरपीएमला (इंजिनाच्या कमी फेऱ्यांना) मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, कामाला येतो. सीएनजीवर इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षाही थोडी कमी पडते, मग दुसऱ्या गिअरवर रडतखडत जावं लागतं. शिवाय ६० लिटरच्या स्टीलच्या टाकीत गॅस मावतो जेमतेम ९-१० किलो, आणि टाकीचं वजन पेलोडमधूनच, म्हणजे माल भरायच्या वजनातूनच, जातं. दुपारच्या उन्हात किंवा पंपाला प्रेशर कमी असताना भरलं, तर तेवढाही बसत नाही.

पण शहरातल्या शहरात दिवसाला आठ-दहा छोट्या खेपा असतील, तर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी घेऊ नका, कळकळीने सांगतोय. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, त्यासाठी हायवेवर सलग वीसेक मिनिटं गाडी पळायला हवी. रिजनरेशन (ही काजळी जाळणं) चालू असताना इंजिन वारंवार बंद केलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल वाढलेलं दिसलं तर लगेच बदला. डीपीएफचा दिवा लागूनही गाडी तशीच दामटली, की ती लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून हळूच चालते.

सीएनजी घेतलीत तर स्पार्क प्लग वेळेवर बदला, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी.