गालील ते जेरुसलेम, पहिल्या शतकाच्या थराने

वसई, मुंबई किंवा गोव्याहून निघणाऱ्या पवित्र भूमीच्या सहली सहसा शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या, क्रमाने फिरवतात. श्रद्धेच्या यात्रेला तो क्रम योग्यच. पण इ.स. ३० च्या आसपास इथे राज्य कोणाचे होते, माणसे कशा घरात राहत, कशात पाणी पीत, हे ज्याला पाहायचे आहे त्याची त्या क्रमाने गल्लत होते. दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक वास्तू चौथ्या-पाचव्या शतकातल्या किंवा त्याहून अलीकडच्या आहेत, आणि खरोखर पहिल्या शतकातल्या गोष्टी बसच्या वेळापत्रकात मावत नाहीत. म्हणून खालचा मार्ग पुराव्याच्या हिशेबाने लावला आहे. सहा पूर्ण दिवस धरावेत: एक म्युझियमला, एक कैसरियाला, एक नासरेथ-सेफोरिसला, एक गालील सरोवराच्या काठाला आणि दोन जेरुसलेमच्या जुन्या शहराला.

निघण्यापूर्वीचे थोडक्यात. भारतीय पासपोर्टला इस्रायलचा व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. ऑक्टोबर २०२३ पासून तिथली परिस्थिती सारखी बदलते आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचूनच तिकीट काढावे आणि ते रद्द करता येण्याजोगे असावे. प्रवास विम्यात युद्धामुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते, ते कलम आधीच शोधून वाचा. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती जपून ठेवा. परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या बिलावर व्हॅट लागत नाही, पण चिठ्ठी दाखवली तरच.

वाचायला दोनच गोष्टी पुरेत: मार्कचे शुभवर्तमान, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या यहुदी इतिहासाचा अठरावा भाग. जोसेफसने हे इ.स. ९३-९४ च्या सुमारास लिहिले. येशूवरचा त्यातला परिच्छेद नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी वाढवलेला आहे, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. विसाव्या भागातला 'येशूचा भाऊ याकोब' हा ओझरता उल्लेख मात्र अस्सल धरला जातो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडून झालेला बाप्तिस्मा आणि यहुदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने झालेला क्रूसावरचा मृत्यू, या दोन गोष्टींवर इतिहासकारांत जवळपास एकमत आहे. बाकी सगळे वादाचे. जन्मकथेचेच पाहा: मत्तयाच्या मते येशू राजा हेरोदाच्या हयातीत जन्मला, पण हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला, आणि लूक जन्माच्या वेळी सांगतो ती रोमन सुभेदार किरीनियची नावनिशी (शिरगणती) इ.स. ६ ची. मध्ये जवळपास दहा वर्षांची फट आहे आणि ती बुजवणारा एकही उपाय आजवर सर्वांना पटलेला नाही.

पहिला दिवस म्युझियमला द्या, शेवटचा नव्हे. कारण साधे आहे: स्थळावर नक्कल, म्युझियममध्ये अस्सल. विमानतळावरून जेरुसलेमच्या यित्झाक नवोन स्टेशनला रेल्वेने साधारण २५ मिनिटे लागतात. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत गाडी नाही, त्यामुळे त्या वेळेत उतरणारे विमान घेऊ नका. इस्रायल म्युझियम मंगळवारी दुपारनंतर उघडते आणि शुक्रवारी लवकर बंद होते; वेळा संकेतस्थळावर तपासूनच जा.

पुरातत्त्व विभागात आधी पिलाताचा शिलालेख गाठा. साधारण ८२ बाय ६५ सेंटिमीटरचा चुनखडीचा तुकडा. १९६१ मध्ये अंतोनियो फ्रोवा यांच्या इटालियन पथकाला तो कैसरियाच्या नाट्यगृहात सापडला. चौथ्या शतकात कोणीतरी तो जिन्याची पायरी म्हणून बसवला होता. डावी बाजू झिजली आहे, तरी दुसऱ्या ओळीत 'तिउस पिलातुस' स्पष्ट वाचता येते. खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. तिथे पिलाताचा हुद्दा प्रीफेक्ट आहे, तर रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास त्याला प्रोक्युरेटर म्हणतो. टॅसिटसने आपल्या काळातला हुद्दा मागे नेऊन चिकटवला असावा. लिखित साधन आणि दगड यांची अशी थेट गाठ फार क्वचित पडते.

जवळच येशूच्या काळातला महायाजक कयफा याची अस्थिपेटी आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला सापडलेल्या थडग्यात अशा १२ पेट्या होत्या; त्यांतल्या एका नक्षीदार पेटीवर 'येहोसेफ बार कयफा' असे वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलेले आहे. ही अक्षरे पेटीच्या कडेला आणि मागच्या बाजूला आहेत, तेव्हा समोरून फोटो काढून पुढे जाऊ नका. मग गिवत हामिवतारला १९६८ मध्ये सापडलेल्या, क्रूसावर मारलेल्या माणसाच्या टाचेच्या हाडासमोर थांबा. साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा आरपार गेला आहे आणि त्याचे टोक वाकलेले आहे. ते वाकले नसते तर खिळा उपसून पुन्हा वापरला गेला असता आणि हा पुरावा उरलाच नसता. क्रूसावर मारलेल्यांपैकी निदान काहींना रीतसर पुरले जाई, एवढे यावरून कळते.

बाहेरच्या अंगणात प्राचीन जेरुसलेमचे १:५० प्रमाणातले मॉडेल आहे. तिथे वाटाडे एक गोष्ट हमखास गाळतात. हे शहर इ.स. ६६ चे आहे, म्हणून उत्तरेची तिसरी तटबंदीही त्यात दिसते. ती राजा अग्रिप्पाने ४१ ते ४४ च्या दरम्यान सुरू केली, येशूच्या मृत्यूनंतर. ती डोळ्यांआड केली नाही तर येशूला जिथे क्रूसावर दिले तो गोलगोथा शहराच्या आत पडतो आणि त्या जागी बांधलेल्या पवित्र कबरीच्या चर्चबद्दल उगाच शंका येते.

कैसरियाला स्वतःची गाडी असेल तर बरे. राष्ट्रीय उद्यानांचा एकत्र पास कैसरिया आणि सेफोरिस दोन्हीकडे चालतो. शुक्रवारी आणि हिवाळ्यात ही उद्याने तासभर आधी बंद होतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी असतो. नाट्यगृह, समुद्रात घुसलेला हेरोदाचा राजवाडा आणि रथशर्यतींचे मैदान एका ओळीत आहेत. पिलात राहायचा इथे; जेरुसलेमला तो सणांच्या गर्दीत बंदोबस्तासाठी जात असे. राजवाड्याजवळ शिलालेखाची प्रतिकृती उभी केली आहे. अस्सल आधीच पाहिलेला असल्यामुळे इथे फक्त जागेचा अंदाज घ्यायचा. बंदराचे काँक्रीट पाण्याखाली घट्ट होणारे होते आणि त्यासाठी इटलीहून ज्वालामुखीची राख जहाजांनी आणली होती, पण आता ते बंदर बहुतांश बुडालेले आहे.

शनिवार नासरेथमध्ये येईल असे जमवा. गाव अरब असल्यामुळे शब्बाथची, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीची, टाळेबंदी इथे जाणवत नाही. उलट रविवारी बरीच दुकाने बंद आणि चर्चमध्ये मिस्सा. गावातले मोठे चर्च, बॅसिलिका, १९६९ चे आहे, पण त्याच्याखाली आणि शेजारी जुन्या वस्तीचे धान्याचे बळद आणि पाण्याची टाकी खडकात खोदलेली दिसतात. यापेक्षा मोलाचे ठिकाण दोन मिनिटांवर आहे: सिस्टर्स ऑफ नाझरेथ या मठाचे तळघर. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ केन डार्क यांनी तिथल्या अर्धवट खडकात कोरलेल्या घराचा अभ्यास केला आणि ते पहिल्या शतकातले ठरवले. बायझंटाइन (पूर्व रोमन) काळात लोक त्याला येशूचे घर मानत असावेत, एवढाच त्यांचा दावा आहे, आणि तो तेवढ्यावरच ठेवावा. आधी फोन करून वेळ ठरवल्याशिवाय खाली सोडत नाहीत.

सेफोरिस नासरेथपासून जेमतेम सहा किलोमीटर. इ.स.पू. ४ च्या बंडानंतर रोमनांनी ते जाळले आणि हेरोदाचा मुलगा हेरोद अंतिपा याने नव्याने बांधले, म्हणजे येशूच्या बालपणी पलीकडच्या टेकडीवर अख्खे शहर उभे राहत होते. शुभवर्तमानात या शहराचे नावही नाही. 'सुताराला तिथेच काम मिळत असेल' हे वाक्य प्रत्येक वाटाड्याच्या तोंडी असते. शक्यता आहे, पुरावा शून्य. प्रसिद्ध मोझेक तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले आहेत आणि नाट्यगृहाच्या काळावरून वाद आहे. पहिल्या शतकासाठी आलात तर पश्चिमेकडच्या घरांतली शुद्धिस्नानाची कुंडे पाहा. पायऱ्या उतरून पूर्ण बुडता येईल अशी ही कुंडे यहुदी घराची खूण आहेत.

दुसरी खूण दगडी भांड्यांची, आणि ती ओळखता आली की निम्मी मोहीम फत्ते. मातीचे भांडे विटाळले की फोडावे लागे, दगडाला विटाळ लागत नसे. म्हणून मऊ चुनखडीचे पेले सुरीने तासून केले जात. बाहेरच्या बाजूला उभे सपाट कंगोरे आणि चौकोनी कान दिसला की भांडे बहुधा इ.स. ७० च्या, म्हणजे रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले त्या वर्षाच्या, आगेमागचे समजा. लेथवर कातलेले मोठे रांजण दोन-अडीच फूट उंच असत. काना गावच्या लग्नाच्या कथेत योहानाच्या शुभवर्तमानाने सांगितलेले सहा दगडी रांजण याच जातीचे. नासरेथजवळ रैना इथे अशा भांड्यांचा कारखानाच सापडला आहे.

सरोवर समुद्रसपाटीच्या २१० मीटर खाली आहे, त्यामुळे मे ते सप्टेंबर दुपारी उघड्यावर फिरणे टाळा. मग्दालापासून सकाळी सुरुवात करा. २००९ मध्ये यात्रेकरूंसाठी विश्रामगृह बांधायला घेतले, तेव्हा पाया खणताना कायद्याने बंधनकारक असलेल्या उत्खननात इथले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनागृह) सापडले. साधारण १२० चौरस मीटर, भिंतींना लागून दगडी बाक, आणि इ.स. २९ मध्ये पाडलेले एक नाणे. मधोमध नक्षीदार दगड आहे. जागेवर प्रतिकृती ठेवली आहे. त्याच्या आखूड बाजूला सात फाट्यांची समई कोरलेली आहे आणि दोन्ही बाजूंना सुरया. जेरुसलेमचे मंदिर उभे असतानाच कोणीतरी हे कोरले. येशूच्या काळातली गालीलमधली प्रार्थनेची जागा कशी होती, हे पाहायला यापेक्षा चांगले ठिकाण नाही. तरीही कित्येक बसगाड्या इथे न थांबता कफर्णहूमला जातात.

गिनोसारच्या किबुत्झमधली (सामूहिक वसाहतीतली) जुनी नाव मध्येच पाहून घ्या. १९८६ च्या दुष्काळात पाणी ओसरल्यावर किबुत्झच्याच दोघा भावांना ती चिखलात दिसली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी २.३ मीटर, आणि डागडुजी इतकी की बारा जातींची लाकडे निघाली. कार्बन-१४ ने काळ इ.स.पू. ४०, अधिक-उणे ८० वर्षे. दुकानात ती 'येशूची नाव' म्हणून विकतात; ती कोणा गरीब कोळ्याची नाव आहे, आणि अभ्यासाला तेच जास्त उपयोगी.

कफर्णहूमला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर फाटकावरच अडवतात. बसने आलात तर हमरस्त्यावरच्या फाट्यापासून सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते आणि वाटेत सावली नाही. पांढरे देखणे सिनेगॉग चौथ्या-पाचव्या शतकातले; त्याखालचा काळ्या बेसाल्टचा थर जुना आहे, तो भिंतीच्या तळाशी वाकून पाहावा. येशूचा शिष्य पेत्र याचे घर म्हणून दाखवतात ते १९९० च्या चर्चच्या खाली आहे. आतल्या काचेतून दिसणारी अष्टकोनी भिंत पाचव्या शतकातली, तिच्या आतली ओबडधोबड बेसाल्टची खोली मूळची. त्या खोलीच्या भिंतींना वारंवार गिलावा केलेला आढळला. गावातल्या इतर घरांत तसा नाही, म्हणून पहिल्या शतकाच्या अखेरीपासून तिचा वापर घरापेक्षा वेगळा झाला, असे उत्खनन करणारे कोर्बो आणि लोफ्रेदा म्हणत. तर्क भक्कम आहे. भिंतीवरच्या खरडीत पेत्राचे नाव वाचणे मात्र ओढूनताणून केलेले आहे.

जेरुसलेमला परतल्यावर व्हिया दोलोरोसाकडून, म्हणजे येशूला क्रूसाकडे नेल्याच्या परंपरागत वाटेकडून, इतिहासाची अपेक्षा ठेवू नका. तिथली एक्के होमो कमान आणि मठातली फरसबंदी दोन्ही दुसऱ्या शतकातल्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातल्या. पिलाताने न्यायनिवाडा केला तो बहुधा पश्चिमेला, याफा दरवाजाजवळच्या हेरोदाच्या राजवाड्यात. त्याच्या पायाच्या भिंती टॉवर ऑफ डेव्हिड म्युझियमच्या किश्ले भागात आहेत.

पवित्र कबरीच्या चर्चला पहाटे पाचच्या सुमारास जा. नऊनंतर कबरीच्या रांगेत दीड-दोन तास सहज जातात. खिशात छोटा टॉर्च हवाच. कबरीच्या बरोबर मागे सिरियन पंथाचे काजळी धरलेले चॅपेल आहे आणि त्याच्या कोपऱ्यातल्या ठेंगण्या भोकातून आत गेले की खडकात कोरलेले लांबट कोनाडे दिसतात. ही पहिल्या शतकाच्या पद्धतीची यहुदी थडगी आहेत. यहुदी शहराच्या आत प्रेत पुरत नसत, म्हणजे ही जागा तेव्हा तटाबाहेर होती. चर्चच्या बाजूने यापेक्षा ठोस पुरावा दुसरा नाही. २०१६ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाने संगमरवरी आच्छादन उघडले, तेव्हा खालच्या फरशीचा चुना इ.स. ३४५ च्या आसपासचा निघाला. चर्च बांधवणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या कामाशी ते जुळते, पण त्याच्या मागच्या तीनशे वर्षांबद्दल काहीच सांगत नाही.

उरलेला वेळ मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्या, रॉबिन्सन कमानीखाली इ.स. ७० पासून पडून असलेले दगडांचे ढीग आणि यहुदी वस्तीतले हेरोदकालीन वाडे यांना द्यावा. दगडी रांजण इथे ओळीने मांडलेले आहेत. सिलोआम तळे २००४ मध्ये सांडपाण्याच्या वाहिनीच्या कामात सापडले. ते सिलवान या पॅलेस्टिनी वस्तीत आहे आणि तिथल्या उत्खननावर राजकीय वाद आहेत. फलक एकच बाजू सांगतात, हे ध्यानात ठेवून वाचा. मंदिराच्या चौथऱ्यावर, जिथे आता अल-अक्सा मशीद आहे, बिगरमुस्लिमांना फक्त मुग्राबी दरवाजातून, रविवार ते गुरुवार ठरावीक तासच प्रवेश असतो. त्या दिवशी बॅगेत बायबल, क्रूस किंवा जपमाळ ठेवू नका. तपासणीत काढून घेतात आणि मागे फिरून ठेवायला गेलात की वेळ संपते.

परतीच्या विमानासाठी तीन तास आधी पोहोचा. कुठे गेलात, कोणाला भेटलात, सामान कोणी भरले, हे प्रश्न विचारतातच; ठरलेला मार्ग कागदावर असला की काम लवकर होते. हातात अर्धा दिवस असेल तर विमानतळाशेजारच्या लोद-रमला भागात उतरा. कोकणातून गेलेले बेने इस्रायली यहुदी तिथे राहतात, आणि जुन्या पिढीशी मराठीत बोलता येते.