सावंतवाडी ते जुनं गोवं, चालत, फेस्ताला: पर्वरीतून जाऊ नका

आधीच सांगतो, हे लिहायला बसलोय ते पणजीच्या अलीकडच्या पर्वरीमुळे. बाकी सगळं चांगलं झालं, जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (चर्चचा सण) मिळालं, नवस फेडला, नंतर समुद्रावर चार दिवस पडून राहिलो, पण 2 डिसेंबरच्या रात्रीचे ते पाचेक किलोमीटर अजून डोक्यातून जात नाहीत. सिंधुदुर्गातून दरवर्षी किती जण चालत जातात, त्यांना कोणी हे सांगत नाही. आम्हालाही नाही सांगितलं. उलट ग्रुपमधल्या अनुभवी काकांनी ठामपणे सांगितलं होतं की "हायवे आता मस्त झालाय, डोळे मिटून चाला."

नवस आईच्या गुडघ्याचा. ऑपरेशन झालं, ती घरात काठीशिवाय फिरायला लागली, तेव्हाच ठरवलेलं की गोंयच्या सायबाकडे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरकडे, चालत जायचं. 2024 च्या त्याच्या शवदर्शनाला आम्ही गाडीने गेलो होतो, ते दर दहा वर्षांनी येतं त्यामुळे गर्दी अफाट होती. यंदा साधं फेस्त, म्हणून चालायला हेच वर्ष बरं वाटलं.

अंतर सावंतवाडीपासून साधारण 65-70 किलोमीटर धरा. आम्ही नऊ जण 1 तारखेला पहाटे तीनला निघालो, बांदा, पत्रादेवी, पेडणे करत धारगळच्या अलीकडे मुक्काम. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पहाटे थंडी, दुपारी ऊन, रस्ता रुंद, तेर्स (रोझरीची प्रार्थना) म्हणत म्हणत वेळ गेला. रोज आठ-दहा किलोमीटर चालायची सवय असेल तर जमतं, नसेल तर दोन महिने आधी सुरू करा. बूट नवे घालू नका, मोजे दोन जोड, पायाला आधी खोबरेल तेल आणि पाठीवर चमकणारी पट्टी. ही पट्टी मी आणली नव्हती आणि चूक मला म्हापशाच्या पुढे कळली.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा दुपारी गाठलं. तिथे आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो आणि तिथेच सगळं चुकलं, कारण गिरीची शेतं संपून पर्वरीचा चढ लागला तेव्हा अंधार पडला होता. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू आहे. मधोमध खांब, दोन्ही बाजूंना पत्रे, उरलेल्या जागेत बस, ट्रक, टँकर आणि ऑफिस सुटलेल्या स्कूटर, सगळं एकाच पट्ट्यात. फुटपाथ नाही, कड नाही, जिथे कड आहे तिथे खडी नाहीतर उघडं गटार. धूळ इतकी की पुढच्या माणसाची पिशवी दिसत नव्हती, नुसता मोबाईलचा उजेड हलताना दिसायचा. आम्ही एकामागे एक, हात पुढच्याच्या खांद्यावर, अशी रांग केली. माझ्या हातात रोझरी (जपमाळ) होती, मणी बोटाखाली खरखरायला लागले, आणि तोंड उघडून प्रार्थना म्हणणं शक्यच नव्हतं म्हणून मनातच म्हणत राहिलो. एका ठिकाणी रस्ता वळवलेला, बोर्ड फक्त गाड्यांसाठी, आम्ही बोर्डाप्रमाणे गेलो तर पत्र्याच्या आड अडकलो आणि परत मागे फिरावं लागलं. तिथेच एका टेम्पोचा आरसा माझ्या दंडाला घासून गेला. लागलं नाही फार, पण मागे आमची सतरा वर्षांची पुतणी होती, तिच्या डोक्याच्या उंचीला तो आरसा होता. त्यानंतर मी पर्वरी संपेपर्यंत तिला आतल्या बाजूला घेऊन चाललो आणि माझे पाय थरथरत होते, दमल्यामुळे नव्हे.

पाचेक किलोमीटरला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. खाली मांडवीचा पूल आला तेव्हा एकजण रस्त्याच्या कडेला बसून रडला. पुलाबद्दल एक सांगून ठेवतो, अटल सेतूवर दुचाकीलाही बंदी आहे, तिकडे चुकूनही चढू नका, चालणाऱ्याने जुन्या पुलाची बाजू धरायची.

पणजी ते रायबंदर हा बांध मात्र मी जन्मभर विसरणार नाही. 1634 च्या सुमाराचा हा रस्ता, दोन्हीकडे पाणी आणि खारफुटी, रात्री साडेदहाला नदीवरून थंड वारा, आणि आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच चालणारे. कारवारकडचे, बेळगावचे, कोणी अनवाणी. कोणीतरी खुरीस (क्रूस) खांद्यावर घेतलेला. आमच्या तोंडात अजून पर्वरीची धूळ होती तरी गाणं सुरू झालं.

आता मुद्दा. रायबंदरला एका घराच्या ओट्यावर लोकांना पाणी देत होते तिथे बसलो, तर त्या घरातल्या मावशींनी आमचे कपडे बघितले आणि विचारलं, "पर्वरेंतल्यान आयल्यात? चोडणच्यान कित्याक येवंक ना?" म्हणजे पर्वरीतून आलात? चोडणवरून का नाही आलात? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. चोडणचं बेट म्हणजे समोरच, नदीपलीकडे! म्हापशाहून डावीकडे उसकईमार्गे पोंबुर्फा, तिथून फेरीने चोडण, बेट चालत ओलांडायचं आणि पुन्हा फेरीने रायबंदर. पर्वरीही टळते आणि पणजीही. साठ वर्षांच्या मावशीला माहीत, आमच्या "अनुभवी" माणसाला माहीत नाही.

मला ते इतकं लागलं की फेस्तानंतर एक दिवस पणजीत पाय वर करून पडलो आणि 5 तारखेला उलट्या दिशेने तो रस्ता बघायला गेलो. रायबंदरहून फेरी, आता तिथे मोठी रो-रो बोटही लागते. चोडणला उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1.78 चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. आत पायवाट आहे, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात बोटभर लांबीचे मासे उड्या मारत फिरतात, डोळे डोक्यावर. अर्धा तास एकाच फांदीवर खंड्या बसलेला बघितला. होडीतून फिरायचं तर भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला होडी आत शिरत नाही. पुढे गावातून सावलीचा रस्ता, जुनी घरं, शेतं, चॅपेल, गाड्या अगदीच कमी. पोंबुर्फ्याच्या धक्क्यापर्यंत मी फोड आलेल्या पायांनी लंगडत गेलो आणि तरी पर्वरीपेक्षा निम्मासुद्धा त्रास झाला नाही. लोक देवदर्शन वेगळं आणि निसर्ग वेगळा असं पॅकेज करतात, इथे चालायच्या रस्त्यातच खारफुटी आणि पक्षी आहेत आणि आम्ही ते सोडून धूळ खात गेलो. फक्त हा टप्पा दिवसाउजेडीच करा, आणि फेरीच्या वेळा निघायच्या आधी विचारून घ्या. म्हणजे म्हापसा सकाळीच सोडायला हवं, दुपारची झोप पोंबुर्फ्याला काढा.

फेस्ताचं थोडक्यात. 3 तारखेला पहाटेपासून एकामागून एक मिस्सा (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थना) असतात, आम्ही पहाटेचीच धरली, दहाच्या पुढे उन्हात उभं राहायची ताकद नव्हती. नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, 24 नोव्हेंबरलाच सुरू होते, चालायचं नसेल आणि शांतपणे प्रार्थना करायची असेल तर नोव्हेनातला कुठलातरी मधला दिवस घ्या. बॉम जीझस चर्चमध्ये, जिथे सायबाचं शव आहे, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बीचवरचे कपडे घालून आलेल्यांना दारात अडवतात ते बरोबरच करतात. सायबाची चांदीची पेटी उंचावर आहे, खालून जेवढी दिसते तेवढीच. बाहेर नवसाला वाहायचे मेणाचे अवयव विकायला असतात, मी पाय घेतला, गुडघ्यापासून खालचा, हातात धरला तर उन्हाने थोडा मऊ झालेला. तो ठेवून आलो आणि आईला फोन केला. ती काही बोलली नाही, नुसतं "घर कधी येतंस" एवढंच. जत्रेतून खाजं घ्या, आलं घातलेलं.

टॅक्सी. फेस्ताच्या दिवशी जुन्या गोव्यात टॅक्सी करू नका, हे साफ सांगतो. पाळोळ्याला जायचे एकाने साडेपाच हजार सांगितले, मीटर नाही, पावती नाही, आणि "आज फेस्त आहे" हे कारण. भक्ताच्या थकलेल्या पायांवर कमावतात, याचा राग येतो. आम्ही नंतर कदंबच्या सरकारी बसने पणजी, पणजी-मडगाव शटल, मग काणकोणची बस असं गेलो, माणशी दोनशेच्या आत. तीन बस बदलाव्या लागतात, पाठीला पिशवी असेल तर त्रास नाही.

पाळोळे, आगोंद छान आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने फोड दोन दिवसांत सुकले. आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री टॉर्च घेऊन किनाऱ्यावर फिरू नका. दूधसागर मात्र या ट्रिपला जोडू नका. कुळ्यातून जीप "थेट धबधब्याखाली" नेते असं आम्हालाही सांगितलं होतं, पण शेवटचा तुकडा दगडांवरून चालायचाच आहे, ओले घसरडे दगड. ग्रुपमधले दोघे गेले आणि एकाचा फोड फुटून पाय सुजला. 310 मीटरचा धबधबा आहे, कुठे पळून जात नाही, धड पायांनी वेगळे या.

आई म्हणते पुढच्या वर्षी ती पण थोडं चालणार. तिला पोंबुर्फ्यापर्यंत रिक्षाने आणायची आणि तिथून चोडण माझ्याबरोबर, हळूहळू. काकांनाही सांगितलंय, यायचं तर या, पण म्हापशाला मी डावीकडे वळणार.