यमककोश: सांगलीकर आला की प्रोग्राम झोपतो

सापडला एकदाचा यमककोशातला बग! (यमककोश म्हणजे यमकांसाठी मराठी शब्द साठवणारा माझा सी भाषेतला प्रोग्राम.) ११ रात्री आणि भडंगाच्या कितीतरी पुड्या खाल्ल्या या बगने.

मागच्या वेळी लिहिलंच होतं: काही हजार शब्द सुरळीत आत जातात आणि मग सिस्मॅलॉकचं ॲसर्शन (मेमरी देणाऱ्या कोडमधली अंतर्गत तपासणी) फेल, प्रोग्राम बंद. जीडीबी या डीबगरमधला बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) थेट मॅलॉककडे, म्हणजे मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, बोट दाखवतो. आधी हॅशटेबलच्या (शब्द शोधायच्या तक्त्याच्या) रीअलॉकला, म्हणजे घेतलेली जागा वाढवणाऱ्या फंक्शनला, शिव्या घातल्या. मग मिरजेहून आणलेल्या सेकंडहँड रॅमवर संशय. रात्रभर मेमटेस्ट चालवला, बिचारी निर्दोष सुटली.

शेवटी हॅशटेबल बाजूला ठेवून एकेक शब्द पन्नास हजार वेळा घातला. 'सातारकर', काही नाही. 'मिरजकर', काही नाही. 'सांगलीकर', ठप्प! गाववाल्यानेच घात केला. कागदावर फोड केली: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी, क, र. आठ चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २४. आणि माझी ओळ: मॅलॉक(स्ट्रलेन(शब्द)). स्ट्रलेन फक्त शब्दाचे बाइट मोजतं, शब्द संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला जागाच नाही!

मग सातारकर कसा वाचला? ६४ बिटी लिनक्सवर जीलिबसीचं (तिथल्या सी लायब्ररीचं) मॅलॉक कमीत कमी २४ बाइट वापरायला देतं. त्याच्या २१ बाइटांपुढचं शून्य तिथेच खपून जायचं. पुढचे टप्पे ४०, ५६, ७२. शब्दाने टप्पा काठोकाठ भरला तरच शून्य बाहेर पडतं, आणि यात तिनाने भाग जातो तो ७२ला, आणि २४ चिन्हांचा शब्द माझ्या यादीत नाही. म्हणून मरायचे ते फक्त आठ चिन्हांचे. त्यांचं शून्य शेजारच्या टॉप चंकच्या (हीपच्या, म्हणजे मॅलॉकच्या मेमरीच्या, टोकाला उरलेल्या मोकळ्या तुकड्याच्या) साइजवर पडायचं, आणि बोंब मात्र हीप वाढवायची वेळ आल्यावर.

'+ १' लिहिलं. बेचाळीस हजार शब्द एका दमात आत!

नंतर गंमत म्हणून जुन्या कोडला ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावला, तर तो पहिल्याच 'अंक'वर ओरडला. ११ रात्रींचं काम दोन सेकंदांत. व्हॅलग्रिंड हे तसंच दुसरं साधन माझ्या लॅपटॉपवर रांगतं, म्हणून मी या वाटेलाच गेलो नव्हतो. शब्द कॉपी करायला स्ट्रएनकॉपी सुचवणाऱ्यांना मात्र नमस्कार. जागा भरली की ते शून्य टाकतच नाही. स्ट्रडप बरं, ते जागा घेऊन शून्यासकट कॉपी करतं; सी२३ या सीच्या नव्या मानकात ते अधिकृतही झालंय.

पण शब्दागणिक मॅलॉक हवंच कशाला? एकच मोठा ब्लॉक, त्यात शब्द एकापाठोपाठ. पॉइंटरऐवजी (मेमरीतल्या पत्त्याऐवजी) सुरुवातीपासूनचं अंतर साठवायचं, म्हणजे रीअलॉकने ब्लॉक हलवला तरी बिघडत नाही. मेमरी परत करायचं फ्रीही एकदाच.

आणि थांबा, यमकासाठी उलटे केलेले शब्द तरी वेगळे कशाला ठेवायचे? क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनच्या तुलनेतच शेवटाकडून चालत यायचं. उलटे करायचं ते फंक्शन आत्ताच उडवतो.