विरळणीचा रोज आणि घडाचा भाव

आमच्याकडे निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागेतली मजुरी द्यायच्या दोनच पद्धती, रोजाने नाहीतर उक्तं. रोजाने म्हणजे सकाळी या, संध्याकाळी पैसे घ्या. उक्तं म्हणजे एकराचा भाव ठरला की टोळी किती दिवसात उरकते ते तिचं ती बघते. मजुरांना पण उक्तं बरं वाटतं, चार पैसे जास्त सुटतात. माझं म्हणणं एवढंच की एकात आपण दिवस मोजतो, दुसऱ्यात एकर मोजतो, आणि ज्याचे पैसे शेवटी आपल्याला मिळतात तो घड कोणीच मोजत नाही.

विरळणीचं घ्या. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा घड गच्च भरला की मण्याला फुगायला जागा राहत नाही, आत हवा खेळत नाही, मग मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि सडतात. एक्सपोर्टला मणी 16-18 एमएमचा लागतो. म्हणून बायका छोटी कात्री घेऊन घडातले नको ते मणी काढतात. कमी काढले तर घड गच्च, जास्त काढले तर वजन गेलं. आमच्याकडे सुरगाण्याकडून टोळी येते त्यात एक मावशी आहे, डाव्या हाताने घड हळूच फिरवत फिरवत आतला मणी बरोबर हेरते, शेजारच्या मण्याला कात्रीचं टोकसुद्धा लागत नाही. दिवसाला तिची झाडं इतरांपेक्षा कमीच होतात, त्यामुळे उक्त्यात टोळीवाले तिच्यावर करवादतात आणि रोजाने असलं तर तिला सगळ्यांएवढेच पैसे. पण तोडणीच्या वेळी तिच्या ओळीत शिरलं की घडातले खराब मणी काढत बसावंच लागत नाही, माल सरळ क्रेटमध्ये!

आणि आपण डेअरीला दूध घालतो तेव्हा? तिथे गायीमागे किती तास राबलो हे कोणी विचारत नाही, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून रेट निघतो, पॉइंट कमी लागला की आपणच भांडतो. स्वतःच्या दुधाला गुणावर भाव पाहिजे आणि त्या बाईच्या हाताला मात्र तोच रोज, हे मला पटत नाही.

म्हणून मी रोज तसाच ठेवून वर एक्सपोर्टला पास झालेल्या मालावर किलोमागे ठराविक रक्कम विरळणीच्या बायकांना द्यायला लागलो. रोज काढून टाकायचा नाही हे पक्कं, कारण 2019 ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबलाच नाही आणि कित्येक बागा हातच्या गेल्या, त्यात मजुराचा काय दोष? पावसाची जोखीम मालकाची, चांगल्या हाताचा फायदा मात्र दोघांचा. लोक म्हणतात सवय लावू नको, उद्या सगळेच मागतील. मागू देत की, माल पास झाला तरच द्यायचेत ना.

पहिल्यांदा हिशोब सांगितला तेव्हा मावशी म्हणाली, "भाऊ, मग मला घाई करू नका."

आता ऑक्टोबर छाटणीलाही हेच करायचंय. लॅबमध्ये वेलीची काडी तपासून घड कितव्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कितव्या कोंबात, आहे ते आपल्याला कळतं, पण कात्री त्याच डोळ्यावर लागली का नाही हे छाटणाऱ्याच्या हातात, डोळा चुकला तर त्या काडीवर नुसता पाला. पोंगे म्हणजे नवे फुटवे फुटले की झाडावरचे घड मोजता येतात, तेव्हा ओळीवार मोजून पैसे द्यायचे असं टोळीच्या मुकादमाशी बोलणं चालू आहे, फक्त थंडी पडून घड जिरले, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसे झाले, तर काय हे अजून ठरायचंय.