शुभवर्तमानं इतिहास म्हणून तपासताना

नवा करार (बायबलचा ख्रिस्ती भाग; मत्तय, मार्क, लूक, योहान यांची शुभवर्तमानं म्हणजे येशूची चार चरित्रं यातच येतात) इतिहास म्हणून किती भरवशाचा, हा वाद बहुतेकदा एकाच वाक्यापाशी भरकटतो: "नुसती ग्रीक हस्तलिखितंच ५,८०० च्या आसपास आहेत, एवढा पुरावा दुसऱ्या कुठल्या प्राचीन ग्रंथाला आहे?" आकडा साधारण बरोबर आहे. पण त्यातली बहुसंख्य हस्तलिखितं नवव्या शतकानंतरची आहेत. शिवाय लेखकाने लिहिलेलं आपल्यापर्यंत नीट पोचलं का, एवढंच त्यावरून कळतं. लिहिलेलं खरोखर घडलं होतं का, हे हस्तलिखितं कितीही मोजली तरी कळणार नाही.

मजकूर बऱ्यापैकी नीट पोचलाय. मोठे अपवाद सर्वांना माहीत आहेत. मार्क १६:९-२० हा शेवट चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्ही हस्तलिखितांत नाही. योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही त्या दोन्हींत नाही. ही भर नंतरची, हे आता श्रद्धावान अभ्यासकही सहसा मान्य करतात.

मग साक्षीदार मोजायचे, आणि खरी चूक होते ती इथे. मत्तय, मार्क, लूक तिघेही सांगतात म्हणून तीन साक्षी, असा हिशेब चालत नाही. मार्कच्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर मत्तयात या ना त्या रूपात येतो. ही उचल आहे की समान आठवण, हे पाहायला मार्क १३:१४ आणि मत्तय २४:१५ शेजारी शेजारी ठेवा. येशू शिष्यांशी तोंडी बोलतोय आणि मध्येच दोन्हीकडे तीच सूचना येते: वाचकाने हे समजून घ्यावं. तोंडी बोलण्यात वाचक कुठून आला? ही लिहिणाऱ्याची टीप आहे, आणि ती जशीच्या तशी दुसऱ्या ग्रंथात उतरलीय. त्यामुळे जो प्रसंग तिघांत आहे पण मूळचा मार्कचा आहे, त्याला एकच साक्ष धरा.

याउलट येशूच्या जन्माच्या कथा मत्तय आणि लूक यांनी एकमेकांकडून घेतलेल्या दिसत नाहीत. म्हणून जिथे त्या जुळतात (बेथलेहेम, मरीया, योसेफ, नासरेथ) ती माहिती दोघांच्याही आधीची. पण काळ पाहिला की घोटाळा होतो. मत्तयाच्या मते जन्म हेरोद राजाच्या हयातीत, आणि हेरोद वारला तो बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये. लूक जन्म बांधतो तो क्विरीनिय हा सूरिया या रोमन प्रांताचा सुभेदार असतानाच्या नावनिशीशी, म्हणजे लोकांच्या मोजणीशी. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्यानुसार ती इ.स. ६ मधली. क्विरीनियची आधी एक कारकीर्द झाली असेल, हा ठरावीक बचाव. पण हेरोद वारला तेव्हा सूरियाचा सुभेदार वारुस होता. शिवाय इ.स. ६ च्या नावनिशीला कारण होतं: हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदच्युत करून रोमने यहूदिया थेट ताब्यात घेतला आणि कर बसवायला मोजणी हवी होती. नासरेथ मात्र गालीलात, म्हणजे हेरोदाचा दुसरा मुलगा अंतिपा याच्या अमलाखाली. तिथल्या माणसाला या मोजणीसाठी बेथलेहेमला जायचं कारणच उरत नाही. माझ्या मते इथे लूक चुकला आहे, आणि तसं म्हणायला कचरू नये.

पण तेवढ्यावरून लूकला मोडीत काढणंही आळशीपणाचं आहे. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तकही परंपरेने त्याच्याच नावावर आहे. त्यात गल्लियो अखया या ग्रीसमधल्या रोमन प्रांताचा अधिकारी असताना ख्रिस्ती प्रचारक पौल याला त्याच्यासमोर उभं केल्याचं येतं (१८:१२). डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोची कारकीर्द इ.स. ५१-५२ च्या सुमारास बसते, आणि पौलाचा सगळा कालक्रम आज त्या खुंटीला टांगलेला आहे. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र गमलियेल हा यहुदी धर्मशास्त्री थुदासच्या बंडाचा दाखला देतो आणि त्याच्यानंतर गालीलकर यहूदा उठला म्हणतो. जोसेफसकडे क्रम उलटा आहे: यहूदा इ.स. ६ च्या नावनिशीच्या वेळचा, थुदास इ.स. ४४ नंतरचा, म्हणजे गमलियेलच्या त्या भाषणाच्याही नंतरचा. पौलाच्या प्रवासाची माहिती हाताशी असताना हा लेखक नेमका असतो; दूरच्या घटना सांगताना आणि पात्रांच्या तोंडी भाषणं घालताना घसरतो. त्या काळच्या इतर इतिहासकारांचीही भाषणं अशीच घडवलेली असत, तेव्हा त्याला वेगळा दंड लावायचं कारण नाही.

दुसऱ्या टोकाचा दावा असतो की येशू नावाचा माणूसच नव्हता. इथे शुभवर्तमानं बाजूला ठेवून थेट गलतीकरांस पत्र उघडा. ते इ.स. ५० च्या दशकाच्या आसपासचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं, आणि पौलाचं अस्सल म्हणून जवळपास सर्वमान्य. यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडून मी काही शिकलो नाही, हे पौलाला तिथे ठसवायचंय. तरीही त्याला कबूल करावं लागतं की तो केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) १५ दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. लगेच पुढे, देवासमोर सांगतो, खोटं बोलत नाही, अशी शपथही घालतो. स्वतःच्या युक्तिवादाला अडचणीची माहिती कोणी हौसेने रचत नाही. जोडीला जोसेफसच्या 'यहुद्यांचा प्राचीन इतिहास' या ग्रंथाच्या २० व्या पुस्तकातला येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूचा ओझरता उल्लेख द्या. १८ व्या पुस्तकातला येशूवरचा प्रसिद्ध उतारा मात्र आधी पुढे करू नका. त्यात ख्रिस्ती नकलकारांचा हात फिरलेला आहे, आणि समोरचा तेवढंच धरून बसतो.