तुमचे स्क्रीन इतके करडे का?

इथले रत्नागिरीकडचे, म्हणजे लोट्याचे केमिकलवाले, मिरकरवाड्याकडचे बर्फाचे कारखाने, ही माझी गिऱ्हाइकं. प्लांट कसा चाललाय ते दाखवणारे, त्यांच्या कंट्रोल रूममधले स्क्रीन मी बनवतो. काम बघून मालक हमखास म्हणतात, "एवढे पैसे मोजले, आणि तुम्ही नुसता करडा रंग फासलात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मालकांच्या डोळ्यांपुढे असते गणपतीची आरास. पंप गरगरायला हवा, टाकीतलं पाणी हेलकावायला हवं, चालू ते हिरवं, बंद ते लाल. पण स्टँडबाय, म्हणजे राखीव, पंप बंदच असायचा. त्याला लाल रंगवला, तर बिघाड झाल्यावर कुठला रंग लावू? शिवाय लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष थोडेथोडके नाहीत. म्हणून मी चालू पंप भरीव दाखवतो, बंद तो पोकळ. लाल-पिवळा अलार्मसाठी राखून ठेवतो, आणि त्यालाही सोबत एक आकार देतो.

आकड्यांचंही तेच. रिअॅक्टर, म्हणजे रसायनं शिजतात ती टाकी, 84.6 अंशांवर आहे, हे बरं की वाईट? जुन्या माणसाला पाठ असतं, परवा लागलेल्या पोराला नसतं. जुन्या पॅनेलवरचा काटा कुठे झुकलाय ते दारातून दिसायचं. ते सुख आम्ही संगणक आणून घालवलं. आता मी आकड्याशेजारी उभी पट्टी काढतो, तिच्यात नेहमीचा टप्पा दाखवतो, आणि बाजूला गेल्या तासाभराचा ट्रेंड, म्हणजे चढउताराची रेघ. 84.6 वर स्थिर असणं वेगळं आणि तिथवर चढत आलेलं असणं वेगळं.

अलार्मचा धडा मी जूनमध्ये शिकलो. पहिला मोठा पाऊस, लाइट मिचमिचली, अर्धा प्लांट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, आणि स्क्रीन अलार्मच्या ओळींनी भरून वाहू लागला. पॅनेलवरचे काका न वाचताच अॅक, म्हणजे 'अलार्म बघितला' हे बटण, मारत सुटले. "साहेब, आधी तो भोंगा गप करा, मग बघू काय झालंय ते." ते चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही. एवढे अलार्म मीच तर लावून ठेवले होते!

वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 24 जुलै 1994 ला असंच विजांच्या वादळाने सुरू झालं होतं. स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. ईमुआ या ब्रिटिश उद्योगसंस्थेची मार्गदर्शिका सांगते, की रोजच्या कामात सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म नसावा. त्याच रिफायनरीत एक व्हॉल्व्ह स्क्रीनवर उघडा होता, प्रत्यक्षात बंद. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय, हे एका नजरेत दिसेल असा स्क्रीनच नव्हता.

व्हॉल्व्हचं हे दुखणं आपल्याकडे जास्त. व्हॉल्व्ह उघडा की बंद ते कळवणारे लिमिट स्विच खाऱ्या हवेने गंजतात आणि बिनदिक्कत खोटं बोलतात. म्हणून 'उघड' हा हुकूम आणि 'उघडला' हा निरोप मी वेगळे दाखवतो. ठरल्या वेळात दोन्ही जुळले नाहीत, तर तिथे प्रश्नचिन्ह येतं. मालकांना ते प्रश्नचिन्ह मुळीच आवडत नाही.

करड्या रंगाची माझी हौसही एकदा अंगाशी आली. एका बर्फाच्या कारखान्यात नवा स्क्रीन बसवला आणि त्याच रात्री दोनला फोन. "साहेब, हा बंद पडला काय? काहीच हलत नाही." अमोनियाचा दाब ठीक, कॉम्प्रेसर ठीक, त्यामुळे सगळं शांत. पण शांत आहे की गोठलंय, हे त्या बिचाऱ्याने कसं ओळखायचं? आणि खरंच, पीएलसीशी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी, संपर्क तुटला असता, तरी माझा स्क्रीन अगदी तस्साच दिसला असता. सकाळी जाऊन कोपऱ्यात पीएलसीकडून येणारं घड्याळ टाकलं. ते थांबलं की सगळे आकडे खोडले जातात.

तेव्हापासून प्रत्येक स्क्रीनवर एक गोष्ट सतत हलत असते. तेवढी बघून मालकही जरा खूश होतात.